चुन्याची निवळी आणि लाल चिखल

चुन्याच्या निवळीत नळीने फुंकर घातली की ती दुधाळ होते, हा शाळेतला प्रयोग आमच्या वाचकांच्या स्मरणात असेलच. उच्छ्वासातला कार्बन डायऑक्साइड चुन्याशी संयोग पावतो आणि पुन्हा चुनखडी तयार होते. दसरा-दिवाळीच्या आधी धारवाडच्या जुन्या घरांना चुन्याचा हात दिला जाई, तेव्हाही भिंतीभिंतींवर हाच प्रयोग चाले. १०० किलो शुद्ध चुनखडी भाजली की भट्टीतून ४४ किलो वायू हवेत जातो. भिंत तो सावकाश परत घेई. सरपणाचा धूर मात्र हवेतच राही.

कारखान्यांचे टाकाऊ ढीगही असाच वायू शोषतात, हे आता शास्त्रज्ञांच्या ध्यानी आले आहे. लोखंडाच्या झोतभट्टीत चुनखडी घालतात व तिचा चुना मळीत उतरतो. इंग्लंडच्या वायव्य किनाऱ्यावर डर्वेंट हाऊ येथे अशी मळी समुद्रकाठी टाकलेली होती. ग्लासगो विद्यापीठाच्या संशोधकांना तिचा चक्क खडक झालेला आढळला. त्या खडकात १९३४ सालचे एक नाणे आणि १९८९ पूर्वीची असू शकत नाही अशी शीतपेयाच्या डब्याची कडी रुतलेली होती. २०२५ साली त्यांनी जाहीर केले, की हा खडक फार तर ३५ वर्षांत घडला. समुद्राचे पाणी व हवा यांनी मळीतून जी नैसर्गिक खळ निर्माण केली, तीत चुनखडीचाही अंश आहे.

हे दूरदेशीचे झाले. आमच्या शेजारी, बेळगावजवळ यमनापूर येथे १९६९ पासून बॉक्साइटातून ॲल्युमिना काढला जातो. एक टन ॲल्युमिना काढला की साधारण एक ते दीड टन लाल चिखल उरतो. त्यात कॉस्टिक सोड्याचा अंश असतो, म्हणून तो दाहक. हंगेरीत आयका येथे २०१० साली अशा चिखलाचा बांध फुटून दहा माणसे दगावली. पश्चिम ऑस्ट्रेलियात क्विनाना येथे २००७ पासून शेजारच्या अमोनिया कारखान्यातला कार्बन डायऑक्साइड अशा चिखलात मिसळण्यात आला. वायू बांधला जातो आणि चिखलाचा दाहकपणाही उतरतो, असा हा दुहेरी लाभ.

तथापि हुरळून जाणे बरे नव्हे. उघड्या ढिगाचा वरचा थर वायू शोषून कठीण होतो आणि आतला भाग कोरडाच राहतो. तो दळावा, तर वीज खर्ची पडते. ती वीज कोळशाची असेल तर मिळकतीला गळती लागते. झोतभट्टीची मळी सिमेंटात घालून भाजलेल्या चुनखडीची बचत करणे, हा उपयोग पुष्कळदा अधिक किफायतशीर ठरतो. उद्योगयुगापूर्वी हवेच्या दहा लाख भागांत हा वायू सुमारे २८० भाग होता. आज तो ४२० च्या पुढे गेला आहे. एवढे ओझे केवळ ढिगांनी उतरणारे नाही.

म्हणून आमचे म्हणणे एवढेच, की अशी एखादी योजना आपल्या मुलखात आलीच, तर तिला तीन प्रश्न विचारावेत. वायू किती बांधला, ते मोजले कोणी? त्यासाठी वीज किती जळाली? आणि ढिगातून झिरपणारे पाणी कोणाच्या विहिरीत गेले? उत्तरे समाधानकारक असतील, तर टाकाऊ ढिगाला कामाला लावणाऱ्यांचे आम्ही मनःपूर्वक स्वागतच करू. धुराडे आवरण्याचे काम मात्र त्यामुळे माफ होत नाही.