काशीच्या शिवारातील अज्ञान वारस

परक्याने वीस वर्षे उपभोगलेली आणि मालकाने डोळ्यांदेखत मुकाट्याने सोडलेली भूमी त्याची राहत नाही, असा दंडक सांगताना याज्ञवल्क्याने बालकाचे धन त्यातून वगळले. आणि मूळच्या पैठणच्या भट्ट घराण्यातील नीलकंठाने सतराव्या शतकात काशीस ‘व्यवहारमयूख’ रचला, तो याच स्मृतिपरंपरेच्या आधाराने. त्याच काशीच्या आसपासच्या शेतांसंबंधी आज दावे चालतात, तेव्हा त्या अपवादाचे किती उरले आहे, हे पाहण्याजोगे आहे.

उत्तर प्रदेशच्या १९५० च्या जमीनदारी निर्मूलन कायद्याने बेकायदा काबीज इसमाविरुद्ध कलम २०९ अन्वये बेदखलीचा दावा दिला, पण मुदतीत तो न झाल्यास कलम २१० ने त्याच इसमास हक्क बहाल केला. २०१६ पासून त्या कायद्याची जागा महसूल संहितेने घेतली. अज्ञानास, म्हणजे अल्पवयीनास, आधार १९६३ च्या मुदतीच्या कायद्याचा: दावा करण्याचा हक्क उत्पन्न झाला तेव्हा तो अज्ञान असेल, तर नेहमीची मुदत मध्यंतरी सरली तरी सज्ञान झाल्यापासून तीन वर्षांपर्यंत त्यास दाद मागता येते.

परंतु मुदतीच्या कायद्याचेच कलम ९ म्हणते की एकदा सुरू झालेली मुदत मागाहून आलेल्या असमर्थतेने थांबत नाही. समजा, बाप हयात असताना शेजाऱ्याने बांध ओलांडून शेत बळकावले, सहा वर्षांनी बाप वारला आणि चार वर्षांचा मुलगा वारस झाला. बारा वर्षांचे माप धरले, तर त्याच्या दहाव्या वर्षीच दाव्याचा दरवाजा बंद होतो. बळजोरी बापाच्या मृत्यूनंतर झाली असती, तर हाच मुलगा एकविसाव्या वर्षापर्यंत लढू शकला असता. मुदतीचे तत्त्व उदासीन मालकासाठी आहे. ज्याला आपले शेत कोणते हेही उमगत नाही, त्या बालकास ते लावणे मला सर्वथा अन्याय्य वाटते. वारसाहक्काने मध्येच आलेल्या अज्ञानासही सज्ञान झाल्यावर तीन वर्षे मिळावीत, एवढी दुरुस्ती संसदेने करावी.

तोवर भार पालकांवर आहे. खतौनीत, म्हणजे जमिनीच्या हक्कनोंदीत, बालकाचे नाव वारस म्हणून, आणि सोबत वलीचे नाव, चढले की नाही हे लेखपालाकडे, म्हणजे तिकडच्या तलाठ्याकडे, जाऊन पाहावे. गावात चकबंदी, म्हणजे जमिनींचे एकत्रीकरण, सुरू असेल, तर हरकत तिथेच नोंदवावी, कारण तेव्हा न मांडलेला हक्क मागाहून दाव्यात मांडण्यास १९५३ चा चकबंदी कायदा मनाई करतो. आईने, काकाने, मामाने वादमित्र म्हणून आजच दावा गुदरावा. मुलाच्या अठराव्या वर्षाची वाट पाहू नये.