अधिवेशने का थांबली, हे आधी विचारावे



गेल्या रविवारच्या पुरवणीत कॉमिन्टर्नवर, म्हणजे 1919 मध्ये मॉस्कोत स्थापन झालेल्या कम्युनिस्ट पक्षांच्या जागतिक संघटनेवर, जो लेख आला आणि ज्याची वाहवा करणारी पत्रे आठवडाभर याच स्तंभात छापली जात आहेत, त्याचा निष्कर्ष असा की क्रांतिकारी डावी चळवळ आपसांत वाद घालूनच संपली. हा निष्कर्ष सोयीचा आहे, पण नेमका उलटा आहे. आणि तो उलटा कसा हे कळण्यासाठी दप्तरखान्यात जाण्याचेही कारण नसून या संघटनेच्या अधिवेशनांची वर्षे ओळीने लिहून काढली तरी पुरे: 1919, 1920, 1921, 1922, 1924, 1928 आणि 1935. पहिल्या चार वर्षांत चार अधिवेशने आणि पुढच्या वीस वर्षांत तीन. मे 1943 मध्ये संघटनाच विसर्जित करण्याचा प्रस्ताव आला, तोही अधिवेशनापुढे नव्हे, तर कार्यकारिणीच्या अध्यक्षमंडळाकडून. जागतिक अधिवेशन दरवर्षी भरेल असे 1920 च्या घटनेत लिहिले होते, 1928 च्या घटनेत ते दर दोन वर्षांनी असे होते, आणि त्यानंतरचे अधिवेशन उगवले ते सात वर्षांनी. लेखकाला ही सात वर्षे दिसत नाहीत.

ज्या काळात वाद होत होते त्या काळात संघटना खिळखिळी झाली नाही, ती वाढली. 1920 च्या दुसऱ्या अधिवेशनात वसाहतींमधील कम्युनिस्टांनी तिथल्या भांडवलदार नेतृत्वाच्या राष्ट्रीय चळवळीशी कितपत हातमिळवणी करावी हा प्रश्न निघाला, तेव्हा स्वतःचे स्वातंत्र्य राखून तात्पुरती युती करावी असे लेनिन यांचे म्हणणे होते, तर या नेतृत्वावर विसंबू नये आणि कामगार-शेतकऱ्यांची वेगळी संघटना उभारावी असे मानवेंद्रनाथ रॉय यांचे. लेनिन एका विजयी क्रांतीचे नेते होते आणि रॉय तिशी ओलांडलेले, मेक्सिकोतून आलेले प्रतिनिधी होते. तरीही समितीत दोन्ही मसुद्यांवर काथ्याकूट होऊन, दुरुस्त्या होऊन, दोन्ही मसुदे मंजूर झाले, आणि इटलीचे सेराती यांनी मतदानात भाग न घेण्याची कारणे उभे राहून सांगितली. लेखात या साऱ्याची वासलात ‘लेनिन यांनी रॉय यांना गप्प केले’ अशा एका वाक्यात लावली आहे. पुढच्या वर्षी, जर्मनीतील मार्च 1921 चा अवेळी उठाव फसल्यावर, सतत चढाई करीत राहण्याच्या सिद्धान्ताला लेनिन यांनी तिसऱ्या अधिवेशनात उघड विरोध केला आणि त्यातूनच त्या वर्षअखेरीस संयुक्त आघाडीचे धोरण, म्हणजे मतभेद कायम ठेवून सोशल डेमोक्रॅट कामगारांबरोबर समान मागण्यांसाठी लढण्याचे धोरण, आकाराला आले. याच उठावावर जाहीर टीका केल्याबद्दल पाउल लेवी यांना जर्मन पक्षातून काढून टाकण्यात आले होते, हे खरे आहे आणि ते त्या काळाला शोभणारे नव्हते. पण त्यांची टीका बरीचशी बरोबर होती हे मान्य करण्याइतकी मोकळीक तरी तेव्हा शिल्लक होती.

ती मोकळीक 1929 नंतर उरली नाही. सोशल डेमोक्रसी हे फॅसिझमचेच एक रूप आहे असे मानणारा ‘सामाजिक फॅसिझम’चा सिद्धान्त त्या वर्षी जुलैमध्ये कार्यकारिणीच्या बैठकीत पक्का झाला, आणि त्याला हरकत घेऊ शकणारे जर्मन पक्षाचे ब्रांडलर व थालहायमर, रॉय आणि खुद्द कॉमिन्टर्नच्या नेतृत्वातले बुखारिन हे त्याच सुमारास एकामागून एक दूर केले गेले, ट्रॉट्स्की तर आधीच हद्दपार होऊन तुर्कस्तानातील बेटावरून संयुक्त आघाडीसाठी आक्रोश करीत होते. लेखकाने नोव्हेंबर 1932 च्या जर्मन निवडणुकीचे आकडे दिले आहेत, सोशल डेमोक्रॅट 121, कम्युनिस्ट 100 आणि नाझी 196, आणि ‘भांडले नसते तर 221 झाले असते’ अशी बेरीज केली आहे. बेरीज बरोबर आहे, कारण चुकले आहे. सोशल डेमोक्रॅटांवरील कम्युनिस्टांचा राग निराधार नव्हता, कारण 1929 च्या मे दिनी बर्लिनमध्ये कामगारांवर गोळ्या चालवणारे पोलीस सोशल डेमोक्रॅट प्रमुखाच्या हाताखालचे होते. परंतु त्या रागाचे अपरिवर्तनीय धोरण व्हावे, आणि ऑगस्ट 1931 मध्ये प्रशियाचे सोशल डेमोक्रॅट सरकार पाडण्यासाठी उजव्यांनी मागितलेल्या सार्वमताला कम्युनिस्टांनीही पाठिंबा द्यावा, हे ज्या संघटनेत दरवर्षी अधिवेशन भरून हिशेब मागितला जातो तिथे टिकूच शकले नसते. धोरण बदलले 1935 मध्ये, दिमित्रोव्ह यांच्या अहवालाने, हिटलर सत्तेवर येऊन अडीच वर्षे झाल्यावर.

1929 च्या त्या धोरणाची आज्ञा आपल्याकडेही पोचली. 1929 मध्ये नागपूरच्या अधिवेशनात मवाळ कामगार नेते ना. म. जोशी यांचा गट आयटकमधून, म्हणजे अखिल भारतीय ट्रेड युनियन काँग्रेसमधून, बाहेर पडला, त्याचा दोष एकट्या डाव्यांवर टाकता येणार नाही; पण 1931 मध्ये कम्युनिस्ट नेते देशपांडे आणि रणदिवे यांनी उरलेल्या आयटकमधूनही फुटून वेगळी लाल ट्रेड युनियन काँग्रेस काढली, ती कम्युनिस्ट व कामगार नेत्यांवर भरलेल्या मेरठ कट खटल्यात डांगे, मिरजकर, घाटे, जोगळेकर, निंबकर अशी अनुभवी माणसे तुरुंगात असताना. ती 1935 मध्ये पुन्हा आयटकमध्ये विलीन झाली. मुंबईच्या गिरणी कामगाराला या फुटीतून काय मिळाले, याचे उत्तर कोणत्याही अधिवेशनात कोणाला द्यावे लागले नाही. वीरेंद्रनाथ चट्टोपाध्याय आणि अबनी मुखर्जी हे दोघे भारतीय क्रांतिकारक 1937 मध्ये सोव्हिएत भूमीवर स्टालिनच्या दडपशाहीत मारले गेले, तेव्हाही त्यांची बाजू मांडायला व्यासपीठ नव्हते.

वादाला दोष देण्याची ही खोड केवळ इतिहासलेखकांची आहे असेही नाही. आपल्याकडे साखर कारखान्याच्या वार्षिक सभेत विषयपत्रिका वाचून होण्याआधीच ‘मंजूर, मंजूर’चा गजर होतो, तशीच आज सर्व रंगांच्या पक्षांची अधिवेशने उरकली जातात आणि वृत्तपत्रे त्याला ‘एकमुखी निवड’ असे गौरवाचे नाव देतात. एखाद्याने दुरुस्ती सुचवली की लगेच ‘पक्षात बेदिली’ असा मथळा झळकतो. यापुढे कोणत्याही पक्षाच्या अधिवेशनाचे वृत्त देताना किती दुरुस्त्या मांडल्या गेल्या, किती मते विरोधात पडली आणि आधीचे अधिवेशन कधी झाले होते, एवढी माहिती आपल्या वार्ताहरांनी आवर्जून द्यावी.