आकाशांतील अंतर आणि घड्याळांतील तास

गेल्या पौषांत आमच्या शेजारच्या एक वृद्ध बाई लेकीच्या बाळंतपणासाठीं लंडनास निघाल्या. मधुमेहामुळें त्यांस दिवसांतून दोन वेळां इन्सुलिन टोंचून घ्यावें लागतें. तिकिटावर मुंबईहून निघण्याची वेळ पहाटे २ व लंडनास पोंचण्याची सकाळीं ६॥ अशी होती. "साडेचार तासांचा तर प्रवास!" म्हणून बाई निश्चिंत झाल्या. परतीच्या तिकिटावर मात्र सकाळीं १० ते रात्रीं १२॥, म्हणजे साडेचौदा तास! "जातांना उतार आणि येतांना चढ आहे कीं काय?" असें त्यांनीं आम्हांस विचारलें.

प्रश्न हंसण्यावारी नेण्याजोगा नव्हता. तिकिटावरील वेळ त्या त्या गांवची असते. हिंवाळ्यांत लंडनचें घड्याळ आपल्या साडेपांच तास मागें असतें. मार्चच्या शेवटच्या रविवारापासून ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारापर्यंत साडेचार तास. तेव्हां जातांना साडेपांच तास मिळवावे, येतांना वजा करावे. बाईंचा जाण्याचा प्रवास १० तासांचा ठरला आणि येण्याचा ९ तासांचा. चढ होता तो जातांनाच!

हा चढ वाऱ्याचा. मुलांच्या शाळेंतील पृथ्वीगोल घेऊन मुंबई व लंडन यांमध्यें दोरा ताणून धरा. तो जी वाट दाखवितो, तीच सर्वांत जवळची. ती सुमारें ७,२०० किलोमीटर भरते. विमान ताशीं ९०० किलोमीटर वेगानें हवा कापतें. परंतु ३० ते ४० हजार फूट उंचीवर हवा स्वस्थ नसते. या भागांत ती बहुधा पश्चिमेकडून पूर्वेकडे धांवते. सरासरी ५० किलोमीटरांचा वारा धरला, तरी जातांना वेग ८५० उरतो आणि ८ तास २८ मिनिटें लागतात. येतांना तो ९५० होऊन ७ तास ३५ मिनिटांत काम होतें. धांवपट्टीपर्यंत चालणें, वर चढणें, उतरणें व वळसे यांचा वेळ निराळा.

वळशांस कारण केवळ निसर्ग नव्हे. २०२५ च्या एप्रिलांत पाकिस्ताननें आपलें आकाश भारतीय विमानांस बंद केलें, तेव्हां दिल्लीहून युरोपास जाणाऱ्या आपल्या विमानांस अरबी समुद्रावरून फेरा घ्यावा लागला. दोऱ्याची लांबी तीच राहिली. तास मात्र वाढले.

आमच्या शेजारणीस आम्हीं तिकिटें घेऊन डॉक्टरांकडे पाठविलें. त्यांनीं जेवण व इन्सुलिन यांच्या वेळा मुंबईच्या घड्याळाप्रमाणें कागदावर आंखून दिल्या. औषध मोठ्या पेटींत न घालतां हातांतील पिशवींत, चिठ्ठीसह ठेवावयास सांगितलें. कारण सामानाच्या कोठींत तें गोठून निकामी होण्याचें भय असतें. बाईंनीं मनगटी घड्याळाचे कांटे लेकीचें घर येईपर्यंत हालविले नाहींत.

ज्यांच्या घरचें वडील माणूस परदेशीं मुलांकडे निघालें असेल, त्यांनीं पोळी-चटणीचा डबा भरण्यापूर्वीं हें एवढें गणित अवश्य मांडावें. घड्याळ देशाप्रमाणें बदलतें. शरीर आपले तास मोजीतच असतें.