मिरजेचे मानांकन आणि तंबोऱ्याचे वय

मिरजेची सतार आणि तंबोरा यांना २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले, तेव्हा त्याचे स्वागत मुख्यतः अभिमानाच्या सुरात झाले. व्यवहाराचा प्रश्न मात्र मागे राहिला. बुलढाणा जिल्ह्यातील मोताळ्यासारख्या तालुक्याच्या गावी एखाद्या भजनी मंडळाला तंबोरा घ्यायचा असेल, तर शेकडो किलोमीटरवरील मिरजेत जाऊन दहा वाद्ये छेडून पाहणे त्याला सहसा शक्य नसते. छायाचित्र आणि विक्रेत्याचा शब्द यांवरच सौदा ठरतो. त्यातही वाद्य ‘जुने, मिरजेचे’ आहे असे सांगितले की मोल वाढते. ही दोन विशेषणे वेगळी आहेत आणि मानांकन त्यांतील एकाविषयीच बोलते.

भौगोलिक मानांकनाचा कायदा १९९९ चा. तो २००३ मध्ये अमलात आला. नोंदणी दहा वर्षांची असते, तिचे नूतनीकरण करता येते आणि नावाच्या गैरवापरासाठी सहा महिने ते तीन वर्षांपर्यंत कैदेची तरतूद आहे. उत्पादकाला अधिकृत वापरकर्ता म्हणून स्वतंत्र नोंदणी करावी लागते. स्थान आणि कृती यांची ग्वाही यातून मिळते. वाद्य कोणाच्या हातचे, कोणत्या साली घडलेले, याच्याशी या व्यवस्थेला कर्तव्य नाही.

पाश्चात्त्य देशांतील जुन्या गिटार अॅम्प्लिफायरच्या बाजाराने या दुसऱ्या प्रश्नावर बरीच मेहनत घेतली आहे. फेंडर वा मार्शलच्या १९५०-६० च्या दशकांतील अॅम्प्लिफायरचे बाहेरचे कापड आणि नाममुद्रा नव्याने करून मिळतात. म्हणून जाणकार पाठीमागची फळी काढतो. अमेरिकी ट्रान्सफॉर्मर आणि स्पीकरवर कारखान्याचे सांकेतिक अंक असतात. ‘२२०’ म्हणजे जेन्सन कंपनी, पुढचे अंक वर्ष आणि आठवडा सांगतात. अनेक जुन्या भागांवर वर्षाचा एकच अंक असल्याने दशक मात्र इतर खुणांवरून ताडावे लागते. मग डाख मूळचा की नंतरचा, हे पाहिले जाते. विजेचे संधारक कालांतराने निकामी होतात, ते बदलल्याने वस्तू खोटी ठरत नाही. बदल लपवला तर व्यवहार खोटा ठरतो.

कारखान्याच्या मालात निदान आकडे तरी बोलतात. मिरजेच्या तंबोऱ्यात ती सोय नाही. फरीदसाहेब सतारमेकर यांच्यापासून सांगितली जाणारी ही परंपरा पिढ्यान्‌पिढ्या हातांतून आली. मंगळवेढ्याकडचा भोपळा आणि तुणाचे लाकूड हा तिचा कच्चा माल. एक भोपळा दुसऱ्यासारखा नसतो. वापरात तारा तुटतात, घोडीवर तारांच्या खाचा पडतात आणि जवारी पुन्हा काढावी लागते. कधी घोडीच बदलते, खुंट्याही बदलतात. पन्नास वर्षांनंतर मूळचे उरतात ते बहुधा भोपळा आणि दांडी. उलट, नव्या वाद्यावर गडद पॉलिश चढवून त्याला वय देणे फारसे अवघड नाही. ऐकून निर्णय करावा, तर ताजी काढलेली जवारी साधारण वाद्यालाही काही काळ गोड बोलायला लावते!

मानांकनाची कायदेशीर बाजूही आपोआप चालत नाही. जून २०२५ मध्ये मिलानमध्ये प्राडाने कोल्हापुरी चपलांसारखी पादत्राणे सादर केल्यावर मुंबई उच्च न्यायालयात जनहित याचिका आली. मानांकनाचे नोंदणीकृत मालक स्वतः न्यायालयात आलेले नाहीत, हा मुद्दा कळीचा ठरून जुलैमध्ये ती फेटाळली गेली. मिरजेच्या नावाचा गैरवापर झाला, तर दाद मागण्याचा भार तेथील कारागिरांच्या संस्थांवरच पडेल, असा याचा अर्थ.

त्यांच्या हाती एक साधा उपाय आहे: प्रत्येक वाद्याला क्रमांक आणि कारागीर, साल, लाकूड व पुढच्या दुरुस्त्या यांची वही. मोताळ्याच्या ग्राहकाला तेवढ्यावर दूरध्वनीवरून खात्री करता येईल. नव्या वाद्यांपुरते हे सोपे आहे. आधीच्या तंबोऱ्यांची ओळख मात्र दांडीची घडण आणि आतले जोडकाम पाहून ‘हा अमक्याचा हात’ असे सांगणाऱ्या वयस्कर दुरुस्तीकारांपाशीच आहे, आणि ती त्यांच्याकडून उतरवून घ्यायची तर आताच घ्यावी लागेल.