अ‍ॅपवर रियाज होतो, मग मंचावर सम का चुकते?

शास्त्रीय गाणं शिकणाऱ्या मुलांचा हा नेहमीचा प्रश्न. तबल्याच्या अ‍ॅपवर विलंबित एकतालाचं बारा मात्रांचं आवर्तन दर वेळी अगदी सारखंच वाजतं. गायक चुकला तरी अ‍ॅप सावरून घेत नाही. तबलावादक मात्र माणूस. तो ठेका भरतो, मुखडा घेऊन समेवर येतो, गायकाकडे पाहतो. हे ऐकायची सवय नसेल, तर विशारद झालेल्यालाही घाम फुटतो. सुरासाठी तानपुऱ्याचं अ‍ॅप जरूर वापरावं. मिरजेचा तानपुरा प्रत्येकाला कुठे परवडतो? पण आठवड्यातून एकदा तरी तबला शिकणाऱ्या मित्राला सोबत बसवावं. त्यालाही साथीचा सराव हवाच असतो. आणि रोज थोडा वेळ ठेका बंद करून, हातावर ताल धरत बंदिश म्हणावी.