यंत्र ‘नाहीं’ म्हणतें तेव्हां

छत्रपती संभाजीनगराहून नगरकडे जाणाऱ्या रस्त्यावर वाळूजची औद्योगिक वसाहत लागते. तेथें आमच्या भाच्याचें लहानसें वर्कशॉप आहे. बिलें, चलनें, मालाचा हिशेब, सारें कांहीं एका जुन्या संगणकावर चालतें. त्यावर लिनक्सपैकीं उबुंटू घातलेलें आहे. कारण त्यास दाम पडत नाहीं. गेल्या महिन्यांत १८ तारखेस सायंकाळीं भाच्याचा फोन आला. जीएसटीचें विवरणपत्र २० तारखेच्या आंत भरावयाचें, आणि संगणक नवें कांहीं घेईना, जुनें सुधारूं देईना. प्रत्येक वेळीं एकच तक्रार : अवलंबनें पुरीं होत नाहींत.

हीं अवलंबनें म्हणजे काय, तें वाळूजकरांस सांगणें सोपें आहे. १९८५ मध्यें तेथें बजाज ऑटोचा कारखाना सुरू झाला. आसपास लहानमोठीं वर्कशॉपें आहेत. कोणी नट करतो, कोणी पत्रा दाबतो. मोठ्या कारखान्यानें सारेंच आपल्या घरीं करावयाचें नाहीं. मात्र बाहेरून येणारा भाग ठरल्या मापाचाच हवा. लिनक्सवरील प्रोग्रॅमहि असेच. नित्याचें काम करणाऱ्या सामाईक ‘लायब्रऱ्या’ वेगळ्या असतात, आणि आपणांस कोणती लायब्ररी व तिची कोणती आवृत्ति लागते हें प्रत्येक पॅकेजवर नमूद असतें.

इयान मर्डॉक यांनीं १९९३ सालीं डेबियन सुरू केलें. २००४ मध्यें आलेलें उबुंटू त्यावरच उभें आहे. त्यांतील ‘डीपीकेजी’ हा निव्वळ हमाल. दिलेली पेटी तो उघडून ठेवील, पण सोबतचें सामान आणणार नाहीं. तें काम ‘ॲप्ट’ या कारभाऱ्याचें. तो डेबियनच्या १९९९ च्या आवृत्तीबरोबर आला.

भाच्यानें नव्या छपाईयंत्राचें पॅकेज बाहेरून उतरवून घेतलें व तें हमालाच्या हातीं दिलें. त्यास ‘लिबसी-६’ ही लायब्ररी अधिक नव्या आवृत्तीची हवी होती. पेटी उघडली, पण मांडणी अर्धवट राहिली, आणि कारभारी अडून बसला. मग एका जाणत्या शेजाऱ्यांनीं (असे शेजारी कोठें नसतात?) उबुंटूच्या पुढील आवृत्तीचा पत्ता त्याच्या यादींत घातला. ॲप्टनें लगेच तोड सुचविली व खालीं विचारलें, पुढें जावें काय?

“मामा, वाय दाबूं ना?”

“थांब. आधीं काय काय जाणार तें वाचून दाखव.”

तो वाचूं लागला. साठांवर नांवें होतीं. त्यांत लिब्रेऑफिस होतें, ज्यांत बिलें उघडत. खुद्द उबुंटूचा डेस्कटॉप होता. मराठी अक्षरांचा लोहित टंकहि होता, जो पुण्यांतील मंडळींनीं वर्षानुवर्षें सांभाळला. फायली पुसल्या गेल्या नसत्या हें खरें. पण त्या उघडाव्या कशांत? एक कळ दाबली असती तर १९ तारीख काळ्या पडद्यासमोर बसून गेली असती.

आम्हीं त्यास ‘एन’ दाबावयास सांगितलें. शेजाऱ्यांनीं घातलेली ओळ काढविली. मग इंग्रजी अक्षरांत क्रमानें तीन आज्ञा टंकविल्या : ‘सुडो ॲप्ट अपडेट’, म्हणजे जुन्याच कोठाराची यादी पुन्हां आली; ‘सुडो डीपीकेजी --कॉन्फिगर -ए’, म्हणजे अर्धवट राहिलेलें जेवढें मांडतां येईल तेवढें मांडलें; आणि शेवटीं ‘सुडो ॲप्ट --फिक्स-ब्रोकन इन्स्टॉल’. ही तिसरी प्रथम ‘-एस’ जोडून दिली. तसें केल्यास ॲप्ट काय करील तें नुसतें सांगतो, करीत कांहीं नाहीं. या वेळीं काढावयाच्या यादींत एकच नांव होतें, तें छपाईयंत्राच्या पॅकेजचें. तेव्हां ‘वाय’ दाबविलें.

गंमत पुढेंच आहे. अलीकडील बहुतेक छपाईयंत्रांस लिनक्सवर निराळें पॅकेज लागतच नाहीं. तार जोडतांच उबुंटूनें हें यंत्र आपण होऊन ओळखलें. १९ तारखेस बिलें छापून झालीं व विवरणपत्रहि गेलें. संगणक पुसून सारें नव्यानें घालावें, हा शेजाऱ्यांचा आग्रह मात्र अद्याप चालूच आहे.