संसार आणि यंत्र : मोटारींतील हँड्सफ्री

ज्या घरांत मोटार आली त्या घरांत मोबाईल फोन बहुधा तिच्या आधींच आलेला असतो. आणि दोन्ही एकाच माणसाच्या स्वाधीन असले म्हणजे एका हातांत स्टिअरिंग व दुसऱ्या हातांत फोन हा प्रकार घडल्याशिवाय राहत नाहीं. नव्या गाड्यांतून फोन बिनतारी जोडण्याची सोय कारखान्यांतूनच झालेली असते. परंतु पुष्कळ कुटुंबांत पंधरा-वीस वर्षें जपून वापरलेली गाडी अजून उत्तम चालते, व तींत ही सोय नसते. अशा गाडींत हँड्सफ्रीची जोडणी कशी करावी, आणि ती केल्यानें कोणतें भय टळतें व कोणतें टळत नाहीं, याचा विचार आम्ही या महिन्यांत करणार आहों.

वाचकांस कदाचित् नवल वाटेल, पण फोन मोटारींत शिरला तो हातांत येण्याच्या पुष्कळ आधीं. अमेरिकेंत सेंट लुई शहरीं १७ जून १९४६ रोजीं मोटारींतून टेलिफोनवर बोलण्याची सार्वजनिक सोय सुरू झाली. त्या यंत्राचें वजन सुमारें ८० पौंड होतें! हातांत धरावयाच्या फोनवरून पहिलें संभाषण मार्टिन कूपर यांनीं न्यूयॉर्कच्या रस्त्यावरून ३ एप्रिल १९७३ रोजीं केलें. आपल्या देशांत मोबाईलचा आरंभ ३१ जुलै १९९५ रोजीं झाला. त्या दिवशीं कलकत्त्याहून ज्योति बसू हे दिल्लीस सुखराम यांच्याशीं बोलले. मोटारींतून सुटून हातांत आलेला फोन पुन्हां मोटारीला बांधावयाचा, असा हा उलटा प्रवास आहे.

जोडणीचें तत्त्व कठीण नाहीं. फोनला ऐकण्याचें व बोलण्याचें असें एकेक इंद्रिय असतें. हँड्सफ्री तीं दोन्ही फोनपासून दूर नेते. चालकाच्या मुखाजवळ एक माईक, पायाशीं किंवा डॅशबोर्डखालीं एक स्पीकर, दोहोंच्या मध्यें आवाज वाढविणारी एक पेटी, आणि फोन अडकविण्यासाठीं एक होल्डर, एवढाच हा पसारा आहे. स्पीकरचा आवाज माईकमध्यें शिरला तर पलीकडच्या माणसास स्वतःचेंच बोलणें माघारी ऐकूं येतें. हा प्रतिध्वनि खोडण्याची योजना पेटींत असते खरी. तथापि माईक व स्पीकर जितके दूर तितकें बरें. माईकला उत्तम जागा म्हणजे चालकासमोरील, ऊन अडविण्याच्या फळीजवळची. एअरकंडिशनरच्या झोताजवळ तो बसविल्यास पलीकडे वाऱ्याचा घोंघाट तेवढा पोंचतो.

विजेच्या बाबतींत मात्र सावधगिरी हवी. मोटारीची बॅटरी १२ व्होल्टची असते व इंजिन चालूं असतां हा दाब १४ च्या आसपास चढतो. साध्या चार्जरमधून फोनला मिळते ती वीज ५ व्होल्टची. म्हणून मध्यें दाब उतरविणारा चार्जर असल्याशिवाय फोनची तार बॅटरीला कधींहि लावूं नये. पेटीला बहुधा तीन तारा येतात : एक कायम वीज असलेली, दुसरी किल्ली फिरविल्यावरच वीज येणारी, व तिसरी अर्थची. कांहीं पेट्यांना चौथी तार असते. फोन येतांच गाडींतील रेडिओ मुका करणें हें तिचें काम. दुसरी तार आळसानें पहिलीलाच जोडली तर गाडी बंद असतांनाहि पेटी जागी राहते, आणि गाडी कांहीं दिवस उभी राहिली म्हणजे बॅटरी उतरते.

काम सुरू करण्यापूर्वीं बॅटरीची ऋण बाजू सोडावी. मात्र कांहीं जुने रेडिओ वीज तुटल्यावर पुन्हां संकेतांक मागतात, तो आधीं शोधून ठेवावा. फ्यूज पेटीजवळ न ठेवतां जेथून वीज घेतली तेथेंच, अगदीं आरंभीं ठेवावा. कारण फ्यूजच्या अलीकडील तार उघडी पडून लोखंडास चिकटली तर तिला आवर घालणारें कांहींच उरत नाहीं, व आग लागण्याचा संभव असतो. अर्थची तार रंग खरवडून उघड्या केलेल्या लोखंडावर घट्ट बसवावी. ती ढिली असेल तर इंजिनाच्या वेगाबरोबर चढणारी शीळ स्पीकरमधून ऐकूं येते. एअरबॅगच्या झांकणावरून किंवा तिच्या तारांजवळून कोणतीहि तार नेऊं नये. विजेच्या कामाचा ज्यांस सराव नाहीं त्यांनीं हें काम मोटारीच्या इलेक्ट्रिशियनकडूनच करून घ्यावें. ज्यांस तारांचा खटाटोप नको त्यांच्यासाठीं ब्लूटूथची छोटी पेटी मिळते. ती वरच्या फळीस अडकविली कीं काम झालें.

येथवर हाताची सोय झाली. आतां मनाचें पाहूं.

मोटार वाहन कायद्यांत २०१९ सालीं झालेल्या दुरुस्तीनें, वाहन चालवितांना हातांतील फोन वापरणें धोकादायक चालविण्यांत मोडतें. पहिल्या गुन्ह्यास १,००० ते ५,००० रुपये दंड किंवा सहा महिने ते एक वर्ष कैद, अथवा दोन्ही, अशी शिक्षा सांगितली आहे. कायद्याचा हा रोख हातांतील फोनवर असल्यामुळें पुष्कळांची अशी समजूत झाली आहे कीं, हात मोकळे झाले म्हणजे धोकाहि गेला. शास्त्राचा निर्वाळा तसा नाहीं. कॅनडांतील टोरँटो येथें रेडेल्मायर व टिब्शिरानी यांनीं अपघातांत सांपडलेल्या ६९९ फोनधारक चालकांच्या नोंदी तपासून १९९७ सालीं असें दाखविलें कीं, फोनवर बोलतांना टक्कर होण्याचा धोका सुमारें चौपट होतो; आणि हँड्सफ्री वापरणारे त्यांतून सुटत नाहींत. ऑस्ट्रेलियांत पर्थ येथें अपघातानंतर रुग्णालयांत आलेल्या ४५६ चालकांच्या पाहणीनें २००५ सालीं हाच निष्कर्ष दृढ केला. कारण उघड आहे. डोळे रस्त्यावर असले तरी लक्ष बोलण्यांत गुंतलें कीं समोरचें दिसूनहि उमगत नाहीं.

मग शेजारीं बसलेल्या माणसाशीं बोलणेंहि तितकेंच घातक काय? यूटा विद्यापीठांत स्ट्रेयर व त्यांच्या सहकाऱ्यांनीं २००८ सालीं याचा शोध घेतला. शेजारचा माणूस रस्ता पाहत असतो. गर्दी वाढली कीं बोलण्याचा ओघ तो आपोआप बदलतो. प्रसंगीं रस्त्यावरच्या गोष्टीकडे चालकाचें लक्ष वेधतो. फोनवरच्या माणसास यांतलें कांहींच दिसत नाहीं. घाटांतल्या वळणावर समोरून ट्रक आला, तरी तो आपला विचारीतच राहतो, "अरे, ऐकतोस ना?"

या ठिकाणीं हा प्रश्न यंत्राचा न राहतां घराच्या रीतीचा होतो. एकत्र कुटुंबांत फोन करणारीं माणसें पुष्कळ. आजीला नातू कोठवर पोंचला याची काळजी, काकांना बँकेच्या कागदांची आठवण, आत्याबाईंना मुहूर्ताचा निरोप द्यावयाचा. वडिलधाऱ्यांचा फोन न घेणें हा आपल्याकडे अनादर समजला जातो. म्हणून घाट चढणारा मुलगा किंवा गर्दींतून गाडी काढणारी सून तो घेतेच, व "बोला" म्हणते. तिच्या "बोला" मध्यें किती ताण आहे हें घरीं बसलेल्यास ऐकूं येत नाहीं.

म्हणून आमची सूचना अशी कीं, ही मुभा वडिलधाऱ्यांनीं आपण होऊनच द्यावी. लहानांनीं ती मागणें कठीण. मोठ्यांनीं देणें सोपें. गाडी चालवितांना फोन न घेतल्यास घरांत कोणी रागावणार नाहीं, हें एकदां सर्वांदेखत सांगून टाकावें. निघणाऱ्यानें निघण्यापूर्वीं पोंचण्याची अंदाजी वेळ सांगावी व वाटेंत चहाला थांबल्यावर स्वतः फोन करावा. घरून फोन करणाऱ्याचा पहिला प्रश्न "गाडी चालवतो आहेस का?" हा असावा, आणि उत्तर होकारार्थी आल्यास दुसरा प्रश्नच नसावा. सोबत कोणी असल्यास फोन त्याच्याकडे द्यावा. हिशेब, वादाच्या गोष्टी व दुःखाची वार्ता चालत्या गाडींत कधींहि धाडूं नये.

हँड्सफ्री जरूर बसवावी. एखादा अगदीं निकडीचा निरोप दोन वाक्यांत घेण्यास ती उपयोगी आहे, आणि हातांत फोन धरण्यापेक्षां ती केव्हांहि बरी. परंतु जी मोकळीक तिच्या तारांनीं मिळत नाहीं ती घरांतल्या माणसांनींच द्यावी लागते. आपला माणूस सुखरूप घरीं यावा यासाठीं तो येईपर्यंत गप्प राहणें, हीहि मायाच आहे.